शनिवारची साक्ष

हौसाबायच्या तोंडाला कासूच्या आसपासची चार गावं वचकून असतात. तिच्या वालाच्या शेतात कुणाची शेळी शिरली, तर मालक शेळी सोडून आधी स्वतःला लपवतो. पण गेल्या वर्षी तिला जो राग आला तो शेळीबिळीचा नव्हता. तो अजून उतरलेला नाही, आणि उतरव असं तिला कुणी सांगूही नये.

एलियाह तिचा शेजारी, बेने इस्राएल म्हणजे कोकणातला यहुदी. नागोठण्याला त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान. भाऊबंद सगळे इस्राएलला गेले. हा आणि त्याची बायको डेबोरा तेवढी गावात राहिली. शुक्रवारी दिवस मावळला की त्यांचा शब्बाथ लागतो. मग शनिवार मावळेपर्यंत विस्तवाला हात नाही, कामाला हात नाही, कागदावर सही नाही. त्या दिवसाचं त्यांचं काम हौसाबाय करते. तिच्याआधी तिची सासू करायची. यात एक रीत आहे. डेबोरा काम सांगत नाही, कारण सांगणं म्हणजे करण्यासारखंच. हौसाबाय आपणहून येते, चहा उकळते, दिव्याचं बटण दाबते आणि निघून जाते. केलेल्या कामाचा उच्चार नंतर दोघीही करत नाहीत.

तो शुक्रवारच होता. ऊन उतरलं होतं आणि एलियाह स्कूटरवरून घाईत घरी येत होता. हौसाबाय वालाच्या शेंगा तोडून बांधावरून हायवेला लागत होती. तिच्या डोळ्यांदेखत एका पांढऱ्या पिकअपनं मागून स्कूटर उडवली. पिकअपचे लाल दिवे लागले. थांबतोय, असं वाटलं. मग दिवे विझले आणि गाडी भरधाव निघून गेली. हौसाबायनं त्याला ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत, आणि कमीच होत्या.

डोक्याचा फडका सोडून तिनं एलियाहचा पाय आवळून बांधला आणि हात पसरून रस्त्यात उभी राहिली. गाड्या तिला वळसा घालून जात होत्या. एकानं तर काच खाली करून मोबाइलवर फोटो काढला. अखेर एक पाण्याचा टँकर थांबला.

पनवेलच्या दवाखान्यात एलियाहचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. जीव वाचवायला शब्बाथ मोडता येतो, म्हणून डेबोरा रात्रभर त्याच्याबरोबर धावली. पण शनिवारी पोलीस जबाबाचा कागद घेऊन आला तेव्हा ती म्हणाली, "आज सही नाही करणार. उद्या या." तिच्या लेखी त्यात काहीच वावगं नव्हतं. सहीनं काही जीव वाचणार नव्हता.

त्या एका सहीवर विमा कंपनीनं पुढचं सगळं रान उठवलं.

स्कूटरच्या विम्यात मालकाच्या अपघाताची भरपाई होती. ती मिळाली असती तर चांगला कृत्रिम पाय बसला असता, दुकान पुन्हा उघडलं असतं. पण मालक स्वतः गाडी चालवत असेल तरच ती मिळते. कंपनीचा चौकशीचा माणूस आला आणि ओट्यावर बसून म्हणाला, "शनिवारी सही नाही, रविवारी जबाब. मधल्या वेळात काय ठरत होतं? स्कूटर दुसरंच कुणी चालवत होतं ना?" एक पाय गमावलेल्या माणसासमोर बसून तो हे बोलला. वर चहा मागितला, तो हौसाबायनं करून दिला.

पॉलिसी काढून देणारा जितेश गावातलाच. त्यानं तोड सुचवली. "वैनी, सांगा ना, शनवारी मी चक्कर येऊन पडले व्हते. कोण बघाया येतंय? समदी असंच सांगतात."

"शब्बाथ पाळला म्हणून खोटं बोलू?" डेबोरा म्हणाली. "मग पाळला कशाला?"

हौसाबायचं डोकंच फिरलं. "तुजा देव एका सईनं रागावला असता काय गो? नवऱ्याचा पाय गेला नि तू वार बघत बसलीस!"

डेबोरा आत गेली आणि दार लावून घेतलं. आपण नको ते बोललो हे हौसाबायला तिथेच कळलं, पण माफी मागणं तिच्या रक्तात नाही. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

विमा कंपनीच्या पेणच्या कार्यालयात सुनावणी लागली. एलियाह कुबड्यांवर, डेबोरा त्याच्या बाजूला, आणि पाहिल्याची साक्ष द्यायला हौसाबाय. अधिकारी बाईंनी विचारलं, "म्हणजे रविवारपर्यंत तुम्ही कुणीच पोलिसांना काही सांगितलं नाहीत?"

"कुणीच कशी?" हौसाबाय म्हणाली. "शनवारी सकालीच मी चौकीवर गेले व्हते."

डेबोरानं वळून तिच्याकडे पाहिलं.

"हवालदार बोलला, तू कोन त्याची? घरचं माणूस येऊ दे. मी बोलले, घरचं माणूस व्हतं काय रस्त्यावर? मी व्हते! एलियाह एकटाच व्हता गाडीवर, पांढऱ्या पिकअपनं मागून उडवला, लिवून घे. त्यानं नाय लिवलं. मग मी पायरीवर बसून त्याचा पार उद्धार केला."

"मग इतके महिने गप्प का राहिलात?" चौकशीचा माणूस उसळला.

"त्यांचं शनवारचं काम बोलून दाखवायचं नसतं," ती म्हणाली. "नि तू तरी कवा इचारलंस रं? माज्या हातचा चा पिऊन गेलास, नि मला इचारलंस काय, तर पेणची एस्टी कवा हाय!"

त्या शनिवारी शेजारच्या घरात चूल पेटवायची नव्हती, कारण घर रिकामं होतं. म्हणून जे काम दिसलं ते तिनं केलं होतं आणि रीतीप्रमाणे विसरूनही गेली होती. आपण सगळ्यात मोठी साक्षच गिळून बसलोय, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

अधिकारी बाईंनी हवालदाराला फोन लावला. "ती बाई?" तो म्हणाला. "ती कशी विसरेन मॅडम, सगळ्या स्टाफसमोर इज्जत काढली माझी!" त्यानं तसं लिहून दिलं, आणि पुढच्या खेपेला पेणला बोलावणं आलं ते भरपाई मंजूर झाल्याचं सांगायलाच.

डेबोरा हौसाबायचा हात घट्ट धरून रडत होती. एलियाह कुबडीवर हनुवटी टेकून बसला होता. अधिकारी बाई भल्या होत्या. हसून म्हणाल्या, "आजी, झालं ना मनासारखं? आता सोडा तो राग."

हौसाबायनं हात सोडवून घेतला.

"मनासारखं? बाय, डाक्टर मला काय बोलला, ठावं हाय? जरा आदी आणला असता तर पाय वाचला असता." तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "ती पिकअप रिकामी व्हती. मागं सगळी जागा व्हती."