पेनाच्या मागच्या टोकाने

चौऱ्याहत्तर सालच्या मार्चमधल्या एका रविवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, कोल्हापुरात डॉक्टरांच्या मासिक बैठकीत माझी थोरली बहीण बेशुद्ध पडली. सभागृहात चौदा डॉक्टर होते.

आक्का तेव्हा एकोणचाळीस वर्षांची, उचगावच्या शाळेत शिक्षिका. आठ वर्षांपासून तिच्या दंडांवर आणि पाठीवर तपकिरी डाग होते. डाग घासला गेला की लाल होऊन फुगायचा. कढत पाण्याने अंघोळ केली की तोंड लालभडक व्हायचं, पोटात मुरडा यायचा, छाती धडधडायची. दोनदा ती न्हाणीत कोसळली होती. हाडं दुखायची ती वेगळीच. चार डॉक्टरांनी ‘मनाचं आहे’ म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. पाचव्याने, त्वचारोगाच्या डॉक्टरने, निदान केलं: एका जातीच्या पेशी त्वचेत गरजेपेक्षा जास्त साठतात, घासलं, तापलं की त्यांतलं द्रव्य रक्तात सुटतं आणि सगळं शरीर बिघडतं.

हे त्याला माहीत होतं. आक्काला बैठकीत दाखवायला बोलावलं त्यानेच, आणि त्या दिवशी हे फळ्यावर लिहिलंही त्यानेच.

दंड दाखवायला आक्काने होकार दिला होता. पाठीचं कुणी विचारलं नव्हतं. तिला स्टुलावर पाठमोरी बसवून पोलक्याची बटणं काढायला लावली. त्वचारोगाच्या डॉक्टरने पेनाच्या मागच्या टोकाने एक डाग घासला. तो फुगला. मग एकेक जण उठून आपापल्या पेनाने आपापला डाग घासू लागला. मी दैनिकाचा बातमीदार म्हणून तिसऱ्या रांगेत बसून टिपणं घेत होतो. घेतच राहिलो.

नवव्या डॉक्टरच्या वेळी आक्का म्हणाली, “बास करा. पोटात कालवायला लागलंय.”

“पंख्याखाली बसून घाम?” एक म्हातारे डॉक्टर म्हणाले. “बाई, तुम्ही तर परीक्षेला बसल्यासारखं करताय की.” लोक हसले.

त्वचारोगाचा डॉक्टर म्हणाला, थोडेच राहिलेत.

बाराव्याने घासलं आणि ती स्टुलावरून खाली आली. नाडी लागत नव्हती. कोणतं इंजेक्शन हवं हे चौदाही जणांना ठाऊक होतं. रविवार म्हणून एकानेही बॅग आणली नव्हती. मी सायकलवरून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेलो, कंपाउंडरला घरातून उठवून आणलं, इंजेक्शन घेऊन परत आलो. तोवर ती फरशीवर होती आणि पाठ उघडीच होती. कुणी पदरसुद्धा ओढला नव्हता.

इंजेक्शन दिल्यावर तासाभराने ती बोलली. “सांगितलं हुतं की मी.”

संध्याकाळी मी बारा ओळी लिहून दिल्या. नऊ तिच्या कोसळण्याच्या होत्या. सोमवारी चार छापून आल्या, कोसळण्याची एकही नव्हती. शेवटची ओळ अशी होती: ‘रुग्ण महिलेने उत्तम सहकार्य केले.’ ती मी लिहिलेली नव्हती.