आपल्या गच्चीवरचं आभाळ

"होरग बर्री, बाहेर चला!"

गिऱ्हाइकाने साडी पसंत केली की अण्णा ती खांद्यावर टाकायचे आणि दुकानाची पायरी उतरून थेट रस्त्यावर, उन्हात. मागे गिऱ्हाईक, तिच्या मागे तिची सासू. "आता बघा. आतला रंग ट्यूबलाइटचा. लग्नात नेसल्यावर मला शिव्या नकोत." दाजीबानपेठेत कधी कापड घ्यायला गेला असाल, तर भर रस्त्यात साडी पसरून रिक्षावाल्यांची बोलणी खाणारा हा उंच माणूस तुम्हीही पाहिला असेल.

समोरच माझं मॅचिंग सेंटर. या उन्हाच्या खुळापायी त्यांची किती गिऱ्हाइकं हातची जायची, ते मला गल्ल्यावरून दिसायचं. मी ओरडायचे, "अण्णा, धंदा करताय की धर्म?" ते साडीची घडी घालत म्हणायचे, "नोडवा, बघ बाई, परत आलेली साडी फार जड असते."

आमची घरंही अमरगोळच्या बाजूला एकाच गल्लीत. त्यांच्या घरी अक्का, म्हणजे त्यांची बायको, मणक्याच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेल्या. उशीला टेकवलं तर बसायच्या, पण जिना कायमचा सुटला होता. लग्न होऊन आल्यापासून जेवणं झाली की दोघं गच्चीवर जायची. नक्षत्रं अक्कांना माहेराहून पाठ. अण्णांना तोवर साडीवरच्या बुट्ट्यांपलीकडे तारा ठाऊक नव्हता. आता पडल्या पडल्या अक्कांचं मागणं एकच, "मला एकदा माझं आभाळ दाखवा हो." अण्णांनी ते मनावर घेतलं.

मग काय, दुपारचा चहा घेऊन माझ्या दुकानात यायचे आणि दोघं मोबाइलवर दुर्बिणी बघत बसायचो. साधी दुर्बीण घ्यावी, तर तिला डोळा लावायला अक्कांना वर न्यायला हवं. मोठ्या भिंगाची स्मार्ट दुर्बीण त्यांना फार आवडली, पण ती उचलून जिना चढायला गुडघे कुणाचे आणणार? शेवटी जेवणाच्या डब्याएवढी एक ठरली. ती तारे आपणहून शोधते, फोटो काढते आणि वायफायवरून खाली टॅबवर पाठवते.

खोक्यातून काढल्यावर अण्णा तिला चारी बाजूंनी चाचपत राहिले. "अगं, डोळा कुठं लावायचा?"

"कुठंच नाही. टॅबवर बघायचं."

"अय्यो! म्हणजे ही सांगणार आणि आपण मान डोलवायची?"

पहिले काही दिवस तिने आमचा अंत पाहिला. तिपाई जरा तिरकी झाली की रुसायची. वायफाय स्लॅबमधून खाली पोचेना, तेव्हा राउटर जिन्यात खिळ्याला टांगला. मार्केट यार्डाचे दिवे आभाळात चढायचे, त्यांच्यासाठी फिल्टर चालू करायचा हेही शिकलो. सगळं जमलं, तर ढग! अक्का रोज संध्याकाळी केस विंचरून घ्यायच्या, टेकून बसायच्या आणि टॅबवर करडा पडदा. त्यांचं तोंड एवढंसं व्हायचं.

मला बघवेना. जिन्यात अण्णांना गाठून म्हटलं, "नेटवरचा एखादा झकास फोटो लावते. अक्कांना काय कळणार?"

अण्णांनी आवाज चढवला नाही. "बाई, आजवर परक्यांना ट्यूबलाइटचा रंग दाखवला नाही. तिला दाखवू?"

मी मोबाइल पर्समध्ये टाकला आणि तिपाई सरळ करायला वर गेले. 

थंडी पडली आणि एका संध्याकाळी आभाळ निवळलं. अण्णांनी मृगातल्या बाणाखालचा धुरकट ठिपका निवडला. आधी टॅबवर नुसते रव्यासारखे दाणे. दुर्बीण फोटोवर फोटो रचत गेली, तसा मधला धूर उजळला आणि त्याला गुलाबी कडा आली. मी तर "अगंबाई!" म्हणून ओरडलेच. अक्का मात्र एकटक बघत होत्या. अण्णांना राहवेना. "हे बघ, एवढा रंग नुसत्या डोळ्याला दिसत नाही हं. ही बराच वेळ उजेड साठवते, मग चढतो."

"कळलं हो," अक्का म्हणाल्या. "मी काय गिऱ्हाईक आहे?"

पुढच्या पौर्णिमेला चंद्र धरला. नुकताच वर आलेला, आणि बिंबावर आडवा काळा फराटा. मागच्या घरच्या नारळाची झावळी मध्ये आली होती. मी म्हटलं, "थांबा, जरा वर येऊ दे, स्वच्छ काढू."

"राहू दे गं!" अक्कांनी टॅब छातीशी ओढला. "हा मागचा नारळ ना? मी शेवटचा पाहिला तेव्हा कठड्याएवढा होता. केवढा झाला हो!" आणि त्या रडायला लागल्या, हसता हसता. अण्णा खांद्यावरच्या टॉवेलने डोळे पुसत "भाळ चलो, फार छान, भाळ चलो," एवढंच म्हणत राहिले. तो फराट्याचा चंद्र अजून टॅबवर पहिला येतो.

अक्का आधी जाणार असं सगळ्यांनी धरलं होतं. श्रावणात गेले अण्णा, झोपेतच. समोरचं शटर बंद बघून माझा जीव अजून तुटतो. परवा एकीला अस्तर दाखवताना मीच पायरी उतरून उन्हात गेले. ती म्हणाली, "काय हो, आत लाईट नाही का?"

अण्णांचे दिवस झाल्यावर अक्कांचा निरोप आला, "दुर्बीण लावशील?" मी वर गेले, तिपाई सपाट केली, सगळं अण्णांसारखं केलं. आभाळ गच्च भरलेलं. टॅबवर पुन्हा तोच करडा पडदा. नेट हाताशी होतं, खोटं कशाला बोलू, बोट एकदा तिकडे गेलंही. मग तसाच टॅब घेऊन खाली आले.

अक्का केस विंचरून बसल्या होत्या.

"अक्का, आज नुसते ढग आहेत."

त्यांनी हात पुढे केला. "आपल्याच गच्चीवरचे ना?"

"हो."

"मग तेच दाखव."