उपळसरीचा वास

चंदगडच्या डोंगरात, एसटी जिथून माघारी फिरते त्या वाडीत शेवंताबाई राहते. लघवीची जळजळ, लेकराची पोटदुखी, अंगावर उठणाऱ्या गांधी, असल्या दुखण्यांना तिच्याकडं पाला-मुळी असायची. सासूनं शिकवलेली. तिचा भरवसा डोळ्यांपेक्षा नाकावर. मुळी उकरायची, नखानं साल खरवडायची, हुंगायची आणि मगच ओटीत टाकायची. काविळीचा माणूस आला, की मात्र सरळ हात जोडायची. "हे माझ्या हातचं न्हाय. दवाखान्यात जावा."

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तिला ताप आला. ताप उतरला, चव परतली, वास काही परतला नाही. चुलीवर भात करपला तरी कळेना. तिनं हे कुणाला सांगितलं नाही. दोन पावसाळे ती अंदाजानंच मुळ्या आणत राहिली, आणि माणसंही बरी होत राहिली.

मग शेजारच्या धोंडुबाईला तिनं उपळसरीचा काढा दिला. उपळसरीच्या मुळीला गोडसर वास असतो. तिच्यासारख्याच पानांचा दुसरा एक वेल असतो, त्याला तो नसतो. संध्याकाळपर्यंत धोंडुबाईच्या उलट्या थांबेनात. जीपनं चंदगडला न्यावं लागलं. तीन दिवसांनी ती घरी आली, तशी शेवंताबाई तिच्या दारात जाऊन उभी राहिली.

"धोंडे, मला वास येत न्हाय. दोन वर्षं झाली."

"आणि तरी दिलंस?"

धोंडुबाई भांडली नाही. तिनं दार लावून घेतलं. त्यानंतर औषधाला कुणी येईना.

तिची नात संघप्रिया कागलच्या एमआयडीसीत कामाला आहे. सुट्टीला आली तेव्हा तिला हे कळलं. तिनं वही काढली. "आज्जी, तू सांग, मी लिवते. हुंगायचं काम माझं."

दोघी डोंगरावर गेल्या. निम्मी उतरण काजूसाठी साफ केलेली, तणनाशकानं खालचं सगळं जळून गेलेलं. वर कड्याखाली कसेबसे दोन वेल सापडले. संघप्रियानं दोन्ही मुळ्या उकरून नाकाला लावल्या.

"कसा येतोय?"

"मातीसारखा. दोन्हीला तसाच."

"नीट बघ की. एकीला गोड येत असंल."

"कसा गोड? गुळासारखा?"

"न्हाय, तसला न्हाय."

"मग कसला, आज्जी?"

शेवंताबाई सांगायला गेली, पण पन्नास वर्षं हुंगलेला तो वास तिला आठवेना. दोन्ही वेल भलतेच होते, की पोरीला कळत नव्हतं, हे सांगणारं तिथं कुणीच नव्हतं. तिनं दोन्ही मुळ्या दरीत भिरकावल्या आणि खाली बसून ती रडली. संघप्रिया नुसती तिच्या पाठीवर हात ठेवून उभी.

सोमवारी नात कामावर गेली. पुढं फोनवर एकदोनदा तिनं विषय काढला, मग तोही थांबला. शेवंताबाई आता दुसऱ्यांच्या बागेत रोजानं काजूबिया वेचायला जाते. लांबचा कुणी विचारत आलाच, तर मान वर न करता म्हणते, "चुकीचं सांगितलं पावणं तुमाला कुणीतरी. मला त्यातलं काय येत न्हाय."