नितीनचं वाईट मत

नितीन गेल्याची बातमी मला एका अनोळखी मुलीनं दिली. “मी मृणाल. व्हिडिओ गेम बनवते. नितीनसरांनी माझ्या पहिल्या गेमवर फार वाईट लिहिलं होतं,” अशी ओळख तिनं फोनवर करून दिली आणि ती रडायला लागली. तो झोपेतच गेला होता. नेमकी त्या सकाळी मृणाल त्याला भेटायला आली होती; त्याच्या बहिणीनं त्या गडबडीत तिलाच पुढचे फोन करायला सांगितलं होतं. शाळेपासूनचा माझा मित्र, आणि तो गेल्याचं मला त्यानं नावं ठेवलेल्या मुलीनं सांगावं… बावधनहून त्याच्या गावी, रिह्याला पोचेपर्यंत दुःखाच्या बरोबरीनं हेच मनात डाचत होतं.

नितीन गेमची परीक्षणं लिहायचा. रिह्यातल्या घरी, भातखाचरांकडे उघडणाऱ्या खोलीत बसून तो नवख्या मुलांनी बनवलेले गेम खेळायचा. त्याचं नाव झालं ते वाईट परीक्षणांमुळे. लोकांना वाटे, याला टीका करताना मजा येत असेल. असं परीक्षण लिहिण्याच्या दिवसांत मी त्याला जवळून पाहिलं आहे. गेम आवडला नाही तरी तो शेवटपर्यंत खेळायचा. पुढे कुठंतरी सुधारेल, ही आशा. मग लिहायचा, खोडायचा, अर्ध्या जेवणावरून उठायचा. आणि परीक्षण प्रसिद्ध करण्याआधी गेम बनवणाऱ्याला फोन लावून ते सगळं वाचून दाखवायचा. वाईट बातमी माणसानं स्वतः सांगावी, असं त्याचं म्हणणं. रेंज घरासमोरच्या खाचराच्या बांधावरच मिळे. तो चहा नको म्हणाला की त्याची आई ओट्यावरून ओरडायची, “आज कुनाला तरी रडवायचा बेत दिसतोय ह्याचा! दोन घास खा आदी, मंग रडव.”

मृणालला त्यानं फोन केला तेव्हा मी ओट्यावरच बसलो होतो. तिच्या गेममध्ये एक नावाडी धरण ओलांडतो. “वल्हं मारताना पाण्याचं वजन हाताला लागत नाही,” नितीन वाचत होता. “तुमचा नावाडीच पाण्याला घाबरत नाही, मग मी कशाला घाबरू?” पलीकडून बराच वेळ आरडाओरडा झाला असावा. हा नुसता “हं… बोला, ऐकतोय मी,” एवढंच म्हणत राहिला. परतला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

“पोरगी रडली रे.”

“मग नको लिहूस.”

“आणि छान छान म्हणून तिला एकटीला सोडून देऊ?”

मी पुस्तकांची मुद्रितं तपासतो. आयुष्यात एकच कादंबरी लिहिली. तिची पहिली प्रत नितीनला दिली. काही दिवसांनी तो म्हणाला, “छान झालीये. मुखपृष्ठ कुणी केलं?” एवढंच. मी पुढे कित्येक महिने त्याच्या फोनची वाट पाहिली. ज्यांची त्यानं सालटी काढली, त्या सगळ्यांचा मला हेवा वाटे. त्यांच्यासाठी त्याची झोप उडायची. माझ्या वाट्याला आलं ते ‘छान’.

गेल्या आठवड्यात पुन्हा रिह्याला गेलो. मृणाल तिथं आधीच येऊन बसली होती. “आता दुसरा गेम कुणाला दाखवू?” म्हणाली आणि उठून गेली. नितीनची आई पावट्याच्या शेंगा सोलत होती. मला राहवेना.

“काकू, माझी कादंबरी वाचली होती का हो त्यानं?”

“वाचली म्हंजी? दोनदा! मला पन सांगितली समदी.”

“काय म्हणाला?”

“आता कशाला इचारतोस… म्हनला, बाप मरूस्तवर नुसता घोळ घातलाय. खरी गोष्ट तितनं पुढं हाय. आदीचं काढून टाकाया पायजे.”

“मग मला का नाही सांगितलं?”

“फोन हातात घिऊन बसायचा की. म्हनला, आये, ह्यो रुसला तर मी जाऊ कुटं?”

माझ्याविषयीचं त्याचं सगळं वाईट मत या बाईकडे इतके दिवस होतं. त्या क्षणी मला तिचाही हेवा वाटला… आणि मग एकदम रागच आला. आधीचं काढून टाका म्हणे! बाप कसा होता तेच कळलं नाही, तर त्याच्या मरणाचं कुणाला काय वाटणार? मी भांडायलाच लागलो. कादंबरीतल्या घरातलं मौन, बापाची सायकल, सगळं एकेक करून काकूंना पटवायला लागलो. इतकं मी त्या कादंबरीविषयी कुणाशीच कधी बोललो नव्हतो.

काकू शेंगा सोलत ऐकत राहिल्या. माझं संपल्यावर त्यांनी टरफलं झटकली.

“न्हाई पटत लेका,” त्या म्हणाल्या. “त्याचंच बरूबर हाय.”