महादेवीबाईंचे फुकटचे धडे

लातूरच्या भूकंपानंतर आमची शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरायची. दुपारी पत्रे तापले की महादेवीबाई आम्हाला कडुलिंबाखाली नेत. पुस्तकं ढिगाऱ्यात गेली होती. बाई मातीत काडीनं मोठं हृदय काढायच्या आणि आम्ही रक्त होऊन एका कप्प्यातून दुसऱ्यात पळायचो. घरातली माणसं गमावलेली पोरं आम्ही, पण तिथं हसायचो. त्या दुपारी अजून आठवतात.

पुढं लातूरभर क्लासच्या पाट्या लागल्या. एका मोठ्या क्लासनं बाईंना जीवशास्त्र शिकवायला बोलावलं. नंतर मीही तिथं रसायनशास्त्र शिकवू लागलो. कोरोनात क्लासनं बाईंचे तास चित्रित केले. तेव्हा देवणीहून बाईंना त्यांच्या ओळखीच्या केवळाबाईंचा फोन आला.

"बाई, शाळा बंद हाय. आमची स्वप्नाली नुसती बसून हाय. तुमचं शिकवणं धाडा की."

बाईंनी क्लासमधल्या तासांचे व्हिडिओ पाठवले. ते या फोनवरून त्या फोनवर गावोगाव फिरले. क्लासचे मालक वीरण्णा यांनी बाईंना बोलावून घेतलं. मी तिथंच होतो.

"बाई, करारावर तुमची सही हाय. व्हिडिओचा कॉपीराइट क्लासचा. असं वाटता येत न्हाई."

"शिकवलं तर मीच ना?"

"शिकवलं तुम्ही. पण व्हिडिओ आमचे."

बाई म्हणाल्या, "खरं हाय. चूक माझीच. काढून टाकायला सांगते सगळ्यांना."

महिनाअखेरीस त्यांनी नोकरी सोडली आणि सगळं पहिल्यापासून शिकवायला घेतलं. चित्रणासाठी मी फोन धरायचो. क्लासमधलं एकही चित्र, एकही उदाहरण त्यांनी घेतलं नाही. अंगणातली जास्वंद ब्लेडनं उभी चिरून फूल शिकवलं, भिजवलेल्या हरभऱ्यावर बी. प्रत्येक धडा संपला की म्हणायच्या, "हे कुणीही घ्या, वाटा, आपल्या भाषेत शिकवा. फक्त विकू नका."

एके दिवशी वीरण्णांचाच फोन आला. "बाई, जास्वंदीचा धडा बघितला. आमच्याकडं असं का शिकवलं न्हाई?"

"तुमच्याकडं दोन महिन्यांत सगळं पुस्तक संपवायचं असायचं, अण्णा," बाई म्हणाल्या.

स्वप्नाली आता उदगीरला शिकते. सुट्टीत सीमेपलीकडच्या मावसभावंडांसाठी तिनं ते धडे कानडीत करायचे ठरवले आणि आधी फोन करून बाईंची परवानगी मागितली.

"अगं, घ्या म्हणून मीच सांगितलंय. विचारतेस कशाला?" बाई म्हणाल्या. फोन ठेवल्यावर मात्र मला दोनदा सांगितलं, "पोरीनं विचारलं बघ."