तीन ट्यूबा आणि एक इरकल

सरका जरा इकडं, अशा जवळ बसा, माझी सोलापूरची गाडी यायला अजून वेळ आहे. आणि तो गालावरचा हात आधी खाली घ्या बघू! बोलता बोलता पुटकुळी कुरतडायची ही काय सवय? डाग राहतो मग, आणि लग्नाच्या अल्बमात नवऱ्याच्या आधी तोच दिसतो. हां. आता ऐका.

माझा चेहरा शेंगा चटणीच्या पाकिटावर छापून येणार होता. आला नाही. ह्यात दुसऱ्या कुणाचाही दोष नाही.

मी सोलापुरात घरीच चटणी करते, उखळात कुटून, तेल सुटेपर्यंत. पाकीट साधं, त्यावर चिकटवलेला कागद. ह्या उन्हाळ्यात माझ्या नातीनं, श्रावणीनं, टूम काढली, "आजी, पाकिटावर तुझा फोटो टाकू. इरकल नेसलेली, हसरी!" मी म्हटलं, "छे गं, म्हातारीचं तोंड बघून चटणी कोण घेतंय!" (आणि त्याच दुपारी पेटीतली हिरवी इरकल काढून इस्त्रीला दिली.) फोटोवाला रविवारी सकाळी येणार होता. सोमवारी कागद छपाईला. म्हणजे चेहरा काय तो रविवारी लागणार होता, एकच दिवस. तेवढासुद्धा मला सांभाळता आला नाही.

झालं काय, बुधवारी श्रावणी तीन ट्यूबा घेऊन माझ्यासमोर बसली. कॉलेजला गेल्यापासून पोरीच्या कपाळावर, हनुवटीवर पुटकुळ्यांची रांग. ती कुणाला फोटो काढू देत नाही. घरातल्या प्रत्येक फोटोत ती म्हणजे एक ओढणी आणि दोन डोळे.

"आजी, तू सगळ्या पाकिटांवरचं वाचतेस ना? ह्यातली कुठली लावू सांग."

आता हे खरं आहे. मी शाळेत चौथीपर्यंतच गेले, पण बिस्किटाचा पुडा असो की उंदराचं औषध, भिंग लावून त्यात काय काय घातलंय ते वाचल्याशिवाय मी घरात घेत नाही. इंग्रजी असलं तर श्रावणी वाचते, मी निकाल देते. खाण्याच्या पुड्यावर जे जास्त घातलंय त्याचं नाव आधी लिहायचं, हा नियम माझ्या कागदालाही आहे, शेंगदाणे पहिले, मीठ मागं. तेव्हा म्हटलं, वाच.

"पहिली. अ‍ॅडापॅलिन, शून्य पॉइंट एक टक्का. बाकी जेल बेस, पुरेसा."

"पुरेसा? हा काय घटक झाला? उद्या मी पाकिटावर 'शेंगदाणे पुरेसे' असं लिहू का? आणि शून्य पॉइंट एक म्हणजे किलोला किती?"

"एक ग्रॅम."

"किलोभर चटणीत एक ग्रॅम मीठ घातलं तर गिऱ्हाईक पाकीट तोंडावर फेकून मारेल की! पुढची."

"हिच्यात अ‍ॅडापॅलिन तेवढंच, आणि वर बेंझॉयल परॉक्साइड अडीच टक्के."

किलोला पंचवीस ग्रॅम! हे माझ्या मिठाच्या हिशोबात बसलं. मी ती ट्यूब उजव्या हाताला ठेवली. तिसरी रेटिनॉलची. तिच्यावर ही भली मोठी यादी. पहिलं नाव पाणी, आणि रेटिनॉल मोजत गेलो तर बाविसावं. किती टक्के ते लिहिलेलंच नाही.

"लबाड आहेत," मी म्हटलं.

"आजी, ही तिन्ही एकाच घराण्यातली आहेत, व्हिटॅमिन एच्या. एका वेळी एकच लावायची असते. रात्री झोपताना, सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढी. आणि उन्हात जायचं नाही."

हे सगळं तिनं मला सांगितलं होतं. नीट सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं. पण सोळा वर्षं चटणी कुटलेल्या बाईला कुणी 'वाटाण्याएवढी' म्हणालं की तिचं डोकं आपोआप वाढीव माप धरतं.

आमच्या घरात दोन रीती आहेत. एक, तीन जातींच्या मिरच्या मिसळल्याशिवाय तिखटाला रंग, वास आणि जाळ तिन्ही येत नाहीत. दोन, नवा घाणा कुटला की पहिला घास मी खायचा, मग गिऱ्हाईकाला द्यायचा. तेव्हा गुरुवारी श्रावणी कॉलेजात परीक्षेला गेल्यावर मी काय केलं असेल हे तुम्ही ओळखलंच असेल. तिन्ही ट्यूबा वाटीत पिळल्या, चमच्यानं एकजीव केल्या आणि पोरीच्या नाजूक तोंडाला लागायच्या आधी माझ्या तोंडाला थापल्या. हातासरशी रविवारसाठी माझ्याही सुरकुत्या उजळल्या तर उजळू देत, असंही मनात होतं. खोटं कशाला बोलू!

मग मिश्रण मुरायला पाहिजे म्हणून गच्चीवर जाऊन बसले. दुपारी एकला. मे महिन्यात. सोलापुरात!

शुक्रवारी सकाळी तोंड चुरचुरायला लागलं. मला आनंद झाला. लागतंय म्हणजे काम करतंय! उरलेली अर्धी वाटीही लावली. तेवढ्यात इस्त्रीवाल्यानं इरकल आणून दिली. नेसून आरशात बघितली. तोंडाला घाम आला, तो पदरानं पुसला. मग आमच्या ह्यांच्या मरून टॉवेलनं पुसला. मग परत पदरानं.

संध्याकाळी ह्यांच्या टॉवेलवर पांढरे-पिवळे डाग!

"काय सांडलंत ह्याच्यावर?" मी ओरडले.

"मी? मी नुसतं अंग पुसलो."

"मग रंग कुणी खाल्ला? वर्षभर वापरला तर काही झालं नाही! केसांना काय ते काळं लावता, त्यानंच झालंय."

"काळ्या रंगानं पांढरा डाग पडतो होय?" हे म्हणाले. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांचं एवढं बरोबर कधी नव्हतं, आणि मी ऐकलं नाही.

शनिवारी मी उठले तेव्हा तोंड तांबडंलाल, आणि हनुवटीपासून कातडीचे पापुद्रे सुटायला लागलेले. अगदी कडक भाकरीसारखे! हे घाबरले की कानडीत जातात. "अय्यो, एनातु?" म्हणजे काय झालं, असं तीनदा ओरडले. श्रावणी धावत आली, तिनं वाटी बघितली, चमचा बघितला, माझं तोंड बघितलं.

"आजी, तू तिन्ही मिसळलीस?"

"तुझ्यासाठीच चव बघत होते गं."

तिनं मला धरून कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये नेलं. तिथले रफिकभाई आमच्या चटणीचे जुने गिऱ्हाईक.

"अम्मा, तिन्ही एकदम? हे औषध हाय का मिसळ?"

"अहो, किलोला एकच ग्रॅम होतं."

"त्या एका ग्रॅमलाच लई वजन हाय! मिसळायचं नसतंय ते. आता सगळं बंद. साधं मॉइश्चरायझर लावा, ऊन नको, पावडर नको. दोन दिवसांत उतरलं नाही तर डॉक्टरला दाखवा. आणि अम्मा, ते परॉक्साइड कपड्याचा रंग उडवतंय बरं. टॉवेल सांभाळा."

टॉवेल! मी तिथून जी निघाले ती थेट खुंटीवरच्या इरकलीपाशी. लाल पदरावर चार पांढरे ठिपके. मी ह्यांच्याकडं बघितलं. हे टॉवेलकडं बघत होते.

रविवारी फोटोवाला आला. माझं तोंड बघून म्हणाला, "आजी, चटणीचा आणि तुमचा रंग एकच आलाय, वाटी कुठली आणि गाल कुठला कळंना झालंय." मी हसायला गेले तर ओठाजवळ चरचरलं. छपाई दुसऱ्या दिवशी. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते खाली आलं असतं तर आणखी झोंबलं असतं म्हणून आवरलं.

श्रावणी उठली. ओढणी काढून खुर्चीवर टाकली. "माझा काढा," म्हणाली.

"पुटकुळ्या पुसून टाकू कॉम्प्युटरवर?" फोटोवाल्यानं विचारलं.

"नको. आजीनं ह्या पुटकुळ्यांसाठी तोंड सोललंय. राहू देत."

आता पाकिटावर माझी नात आहे, कपाळावरच्या, हनुवटीवरच्या सगळ्या पुटकुळ्यांसकट, आणि मोठं हसते आहे. (प्रत्यक्षात त्या आता बऱ्याच कमी झाल्यात. एकच ट्यूब, झोपताना, वाटाण्याएवढी. वाटाणा तीच मोजते, मला हात लावू देत नाही.) मीही आहे म्हणा पाकिटावर. कोपऱ्यात मुसळ धरलेला माझा हात आणि त्याच इरकलीच्या पदराचं टोक.

परवा एक बाई पाकीट घेऊन दारात उभ्या राहिल्या. मला वाटलं चटणीचं कौतुक करणार. तर म्हणाल्या, "अहो, ही ठिपक्यांची इरकल कुठं मिळते हो?"

मी म्हटलं, "घरीच करते. दोन दिवस लागतात. फक्त तोंड जातं."

तेव्हा या लवकर सोलापूरला, आमच्याकडंच उतरा. चटणी-भाकरी पोटभर वाढीन, आणि मिसळून काहीही देणार नाही, शप्पथ! फक्त येताना तुमचा टॉवेल तुम्ही आणा. आमच्या ह्यांनी त्यांचा कपाटात कुलूप लावून ठेवलाय.