दुसरा बिबट्या
पिकल्या करवंदांचा वास आला की मला बोरगडचं जंगल आठवतं आणि तिथल्या चौकीतलं रजिस्टर. परतताना ‘काय दिसले’ ते त्यात लिहावं लागे. मी आणि माझा मित्र दर रविवारी जायचो. ससा दिसला की मी तरस लिहायचो आणि तो शेजारी दोनचा आकडा टाकायचा. त्या हिशोबाने जंगलात झाडांपेक्षा तरसंच जास्त झाली होती. मग त्याला मनमाडला रेल्वेत नोकरी लागली आणि त्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा एकटा गेलो. पायवाटेवर माझ्याच चपलांचा आवाज एवढा मोठा येत होता, की मी दोनदा मागे वळून पाहिलं. आणि पाणवठ्यावर, देवाशपथ, बिबट्या. अगदी खराखुरा. तो पाणी प्यायला, त्याने माझ्याकडे पाहिलं आणि ओळख नसल्यासारखा तो निघून गेला. मी धापा टाकत चौकीत आलो. "मामा, बिबट्या दिसला." म्हातारे वनरक्षक चहा फुंकत म्हणाले, "एकच? अन् जोडीदार कुठंय तुमचा?" "मनमाडला." "मग ऱ्हाऊ द्या भाऊ. दोघं सांगायचे तवा लय मजा यायची. एकट्याचं कोण खरं मानतंय?" मी पेन उचललं, आकड्याची रिकामी जागा पाहिली आणि ‘ससा’ एवढंच लिहून निघालो. पुढे हा किस्सा मी शंभर ठिकाणी सांगितला, बिबट्या पार म्हशीएवढा केला. पण आजही सांगताना बिबटे दोनच असतात. दुसरा मित्राच्या वाटणीचा.